नाक्यापल्याडचा भाव : पांढरकवड्याच्या कापूस-व्यापाराचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेले पांढरकवडा हे नागपूर आणि हैदराबाद यांना जोडणाऱ्या जुन्या वाटेवर वसले आहे, आणि या गावाच्या अर्थजीवनाविषयी जे महत्त्वाचे सांगता येते ते बव्हंशी याच एका गोष्टीतून निघते. गावालगत खुनी नदी वाहते. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आजच्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. नागपूर उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, तर आदिलाबाद त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके जवळ आहे. सभोवती काळी जमीन, तीत कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन, आणि शेतांना लागून सागाचे जंगल, ज्याच्या आश्रयाने गोंड आणि कोलाम यांची गावे व पोड, म्हणजे लहान वस्त्या, उभे राहिले. अशा मुलखाची सुबत्ता किंवा ओढाताण शेतातल्या पिकावरून मोजण्याची सवय जुनी असली, तरी गेल्या दोनशे वर्षांचा येथील इतिहास पाहिला तर पीक चांगले येणे ही गोष्ट कधीच पुरेशी ठरली नाही. कापूस कोण वाहून नेतो, कोण तोलतो, त्यावर उचल कोण देतो, भावाची खबर आधी कोणाच्या कानी पडते आणि बाजाराच्या वाटेवर किती नाके आडवे येतात, यावरच शेतकऱ्याच्या पदरात काय पडायचे ते ठरत आले.

वाहतूक, तोल, पतपुरवठा, दलाली, साठवण, प्रत ठरवणे, खबर पोहोचवणे, सल्ला देणे ही सारी कामे अर्थशास्त्रात ‘सेवा’ या नावाने ओळखली जातात. त्यांतून हाती धरता येईल अशी नवी वस्तू निर्माण होत नाही, पण असलेल्या वस्तूचे मोल वाढते. कॉलिन क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात राष्ट्रांच्या प्रगतीचा जो क्रम मांडला, त्यात शेती आधी, मग कारखानदारी आणि सुबत्ता आल्यावर सेवाक्षेत्राचा विस्तार, अशी चढण होती. पांढरकवड्यासारख्या ठिकाणचा अनुभव या क्रमाला छेद देतो. येथे वाहतूक आणि पत या सेवा आधी आल्या, त्यांच्या बळावर कापसाचे क्षेत्र वाढले, आणि सरकी काढणारे व गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने त्यानंतर उभे राहिले. सेवा ही सुबत्तेची शोभा नसून तिची पूर्वअट होती, आणि ही पूर्वअट कोणाच्या ताब्यात होती हा या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी या वऱ्हाड मुलखातील मालवाहतूक मुख्यतः लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, बैलांवर चालत असे. शेकडो, प्रसंगी हजारो लादलेल्या बैलांचा तांडा धान्य व कापूस घेऊन निघे आणि परतीच्या वाटेवर मीठ भरून आणी; समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलखात मीठ ही अत्यावश्यक आयात होती आणि परतीच्या ओझ्यामुळेच जातानाचे भाडे परवडत असे. १८०३ च्या दख्खनमधील युद्धात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवण्याचे कामही याच तांड्यांनी केले, यावरून त्यांच्या व्यवस्थेची क्षमता ध्यानात येते. तांडा चालवणे म्हणजे चराई, पाणी, मुक्काम, जागता पहारा आणि सावकाराशी हिशेब या सगळ्यांचा मेळ घालणे होते. आजच्या भाषेत ज्याला मालवाहतुकीचे नियोजन म्हणतात ते ज्ञान तांड्याच्या नाईकाकडे होते. रेल्वेने हा व्यवसाय मोडला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अशा फिरत्या समाजांवर संशयाचा शिक्का बसला आणि बंजारा समाज दारव्हा, दिग्रस, पुसद या परिसरात शेतीवर स्थिरावला. वऱ्हाडच्या व्यापाराचा पाया ज्यांनी घातला त्यांच्या वाट्याला नव्या व्यापारात जागा आली नाही, ही या इतिहासातली मोठी हानी आहे, आणि आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

या वाटेचे लष्करी महत्त्वही कमी नव्हते. १८१८ च्या एप्रिलमध्ये चांद्याच्या दिशेने निघालेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याला इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सच्या फौजेने पांढरकवड्याजवळ शिवणी येथे गाठून पराभूत केले, आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच, ३ जून १८१८ रोजी, पेशव्याने इंग्रज अधिकारी माल्कमपुढे शरणागती पत्करली. व्यापारासाठी मात्र ही वाट मोकळी नव्हती. वऱ्हाड त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते आणि तेथील व्यापाऱ्याला सर्वांत जास्त जाच होई तो राहदारीचा. राहदारी म्हणजे माल एखाद्या हद्दीतून नुसता जातो म्हणून घेतला जाणारा कर. सरकारी चौकी, जहागीरदाराचा नाका, नदीचा उतार, घाटाची वाट अशा प्रत्येक ठिकाणी काही ना काही द्यावे लागे, आणि किती द्यायचे हे पुष्कळदा नाक्यावरच्या माणसाच्या मर्जीवर असे. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने दोन प्रदेशांमधील मालावर शेकडा पाच जकात ठरवली होती, पण राज्याच्या आतली राहदारी त्याने नाहीशी झाली नाही.

अशा परिस्थितीत मुंबईकडे वऱ्हाडचा कापूस नेण्याचा मोठा प्रयत्न विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी बंधूंच्या पेढीने केला. तोवर येथील कापूस बहुतांशी उत्तरेला मिर्झापूरकडे जाई. १८२५-२६ मध्ये या पेढीने सुमारे पाचशे बैलांवर लादून कापसाची पहिली मोठी खेप मुंबईला रवाना केली, पुढे खामगावसारख्या ठिकाणी कापूस दाबण्याचे हातचे स्क्रू बसवले आणि वाटांच्या दुरुस्तीवर स्वतःचा पैसा घातला. सैल कापसाने बैलाची पाठ भरते पण वजन भरत नाही. दाबलेला कापूस त्याच बैलावर अधिक जातो आणि पावसा-धुळीपासूनही वाचतो. म्हणजे कापूस तोच, शेतकरी तोच, बैलही तेच. दाबण्याची सेवा मधे आली आणि चारशे मैलांवरची बाजारपेठ आवाक्यात आली. याच पेढीने निजाम सरकारला मोठाली कर्जे दिली होती आणि ती बुडाल्यामुळे तिचा अस्त झाला, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण राज्यकर्त्याच्या तिजोरीशी बांधलेला व्यापार किती असुरक्षित असतो याचे ते ढळढळीत उदाहरण आहे.

निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि राहदारीची साखळी तुटली. १८६४ मध्ये या भागाचा वेगळा जिल्हा झाला, तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. उत्तरेकडचे नाके गेले खरे, पण पांढरकवड्याच्या दक्षिणेला एक नवा, अधिक पक्का नाका उभा राहिला. पैनगंगेपलीकडचे आदिलाबाद निजामाच्या थेट अमलाखाली राहिले, आणि हैदराबाद संस्थानचे ‘करोडगिरी’ नावाचे जकात खाते सीमेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घेत राहिले. वऱ्हाडचा नाममात्र धनी निजामच होता, १९०२ च्या करारानंतर त्याबद्दल वर्षाला पंचवीस लाख रुपये त्याला मिळत होते, तरीही त्याच्याच दोन मुलखांमधल्या नदीवर जकातीची रेघ ओढलेली होती. दोन्ही तीरांवर मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणारे लोक राहत होते, त्यांची सोयरीक आणि देवदर्शन नदी ओलांडून चालत होते. केळापूरच्या जगदंबेला येणाऱ्या भाविकाला नदी आडवी येत नव्हती, पण कापसाच्या बंडीला येत होती. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावरही ही रेघ लगेच पुसली नाही: संविधानाच्या अनुच्छेद ३०१ ने देशभर व्यापार मुक्त असल्याचे घोषित केले, परंतु अनुच्छेद ३०६ ने पूर्वीच्या संस्थानी प्रदेशांना आपले सीमाकर काही काळ चालू ठेवण्याची सवलत दिली होती, आणि हा अनुच्छेद १९५६ मध्ये रद्द झाला.

वऱ्हाडच्या कापसाला जगाच्या बाजारात ओढून नेले ते अमेरिकेतील यादवी युद्धाने. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईत भाव कधी नव्हे इतके चढले. युद्ध संपताच भाव कोसळले व मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या, पण तोवर व्यवस्था उभी राहू लागली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याच दशकात वर्धा–हिंगणघाट–वरोरा मार्ग झाला, आणि १८७० मध्येच मुंबई–लंडन समुद्री तार जोडली गेल्याने लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या पेढ्यांवर काही तासांत कळू लागला. जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल मुंबईऐवजी नागपुरात काढली आणि ती १८७७ मध्ये सुरू झाली, त्यामागे कापूस, कोळसा आणि गिऱ्हाईक या तिन्हींची जवळीक हे कारण होते. पांढरकवड्याच्या बाजूचा कापूस मात्र बंडीनेच हिंगणघाट, वणी, वरोऱ्याकडे जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतत असल्याने कार्तिकात वेचणी सुरू झाल्यापासून उन्हाळा संपेपर्यंतच ही वाहतूक शक्य असे, आणि ज्याला घरात कापूस साठवता येत नसे त्याला मिळेल त्या भावात तो मोकळा करावा लागे.

त्या काळच्या बाजारात सौदा कसा होई हे समजून घेतल्याशिवाय सेवेचे मोल आणि तिचा गैरवापर या दोन्ही गोष्टी ध्यानात येत नाहीत. शेतकऱ्याची बंडी बाजारात आली की दलाल तिच्याजवळ येई. हा दलाल शेतकऱ्याचा की खरेदीदाराचा हे स्पष्ट नसे, कारण तो दोघांकडूनही दलाली घेई. भाव मोठ्याने बोलला जात नसे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटे दाबून आकडा कळवत आणि ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. भाव ठरल्यावर बंडी जिनात जाई, तिथे कापूस ओला आहे, कवडी जास्त आहे, पाला आहे अशी कारणे काढून ठरलेला भाव पुन्हा खाली आणला जाई. एवढ्या लांबून आलेला माणूस भरलेली बंडी परत नेणार नाही हे दोघांनाही माहीत असे. त्यावर तोलाई, हमाली, धर्मादाय, गोरक्षण आणि वजनात सूट म्हणून घेतला जाणारा कडता अशा कपाती होत. बाजार खुला होता, कोणीही येऊन विकू शकत होते. पण भावाची खबर, तोल आणि पत या तिन्ही सेवा खरेदीदाराच्या बाजूने झुकलेल्या होत्या.

यावर उपाय म्हणून भारतातील नियंत्रित बाजाराची कल्पना वऱ्हाडातच रुजली, ही गोष्ट विदर्भाबाहेर फारशी सांगितली जात नाही. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या आदेशाने १८८६ मध्ये कारंजा येथे असा पहिला बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा ठरवून देणे, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने देणे, वजने तपासणे, फी जाहीर करणे आणि तंटे मिटवणे ही कामे समितीकडे आली. रुमालाखालच्या व्यवहाराला सार्वजनिक नियमांच्या चौकटीत आणण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता. त्याची मोठी उणीव अशी की समितीत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले आणि कापूस पिकवणाऱ्याला तीत स्थान नव्हते. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या पद्धतीचे मोल मान्य करतानाच या उणिवेवरही बोट ठेवले. महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आणि आज तालुक्या-तालुक्यांत दिसणाऱ्या बाजार समित्या यांचे मूळ कारंज्याच्या त्या प्रयोगापर्यंत मागे जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुल्या व्यापाराची दुसरी बाजू उघडी पडली. कापसाखालचे क्षेत्र वाढत गेले, ज्वारीचे आक्रसले, लांब धाग्याच्या ‘बनी’ जातीची जागा अधिक उत्पन्न देणाऱ्या आखूड धाग्याच्या जातींनी घेतली, आणि रयतवारीच्या नव्या मोजणीनंतर जमीन गहाण टाकण्याजोगी मालमत्ता बनल्याने सावकाराची पकड घट्ट झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य रेल्वेने येऊ शकत होते, पण ते विकत घेण्याइतका पैसा शेतमजुराजवळ आणि लहान शेतकऱ्याजवळ नव्हता. वऱ्हाड हा सुपीक कापूसपट्टा असूनही तेथे माणसे मेली. काही इतिहासकार यावरून असा निष्कर्ष काढतात की खुला व्यापारच या आपत्तीला कारण झाला. हा निष्कर्ष अर्धाच खरा मानावा लागतो. बाजार मुंबई आणि लिव्हरपूलपर्यंत उघडला, पण शेतकऱ्याला वाजवी व्याजाचे कर्ज, साठवणीची सोय, पिकाचा विमा आणि भावाची खात्रीलायक खबर देणाऱ्या संस्था त्याच्या बरोबरीने आल्या नाहीत. जोखीम बांधापर्यंत आली, आणि ती पेलण्याची साधने पेढीवरच राहिली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ही पोकळी भरण्यास सुरुवात केली, पण तोपर्यंत पुष्कळ जमीन हातची गेलेली होती, आणि गोंड-कोलाम कुटुंबांच्या बाबतीत तर ही प्रक्रिया त्यानंतरही थांबली नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत रेल्वेचे जाळे पुढे सरकले, परंतु ते पांढरकवड्याला वळसा घालून गेले. किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद मार्ग, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, कापसासाठीच बांधला, पण तो यवतमाळला थांबला. उत्तर-दक्षिण मुख्य लोहमार्ग बल्लारशा–काझीपेठ असा होऊन १९२९ मध्ये पूर्ण झाला. पांढरकवडा अशा रीतीने सडकेचे गाव राहिले, आणि त्याचे पुढचे सारे व्यापारी आयुष्य ट्रक, वजनकाटा, गॅरेज, ढाबा आणि तपासणी नाका यांच्याशी बांधले गेले.

खुल्या व्यापाराच्या दृष्टीने या गावाच्या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय एकाधिकार कापूस खरेदी योजनेचा आहे. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस खरेदीचा हक्क फक्त सरकारच्या वतीने पणन महासंघाला मिळाला. व्यापाऱ्यांच्या रुमालाखालून शेतकऱ्याला सोडवणे हा हेतू खरा आणि प्रामाणिक होता, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याचा लाभही झाला: जाहीर हमीभाव, जाहीर प्रत, सरकारी तोल, आणि नफा झाल्यास बोनस. पण एकाधिकार टिकवायचा तर कापूस राज्याबाहेर जाता कामा नये, म्हणून झोनबंदी आली. पैनगंगेवर पुन्हा एकदा नाका बसला, आणि या वेळी तो कर घेण्यासाठी नव्हता, माल थोपवण्यासाठी होता. ज्या वर्षी आंध्र प्रदेशात, म्हणजे आदिलाबादच्या बाजारात, भाव चढा असे त्या वर्षी सीमेवरच्या पाटणबोरीपलीकडे कापूस नेणारा शेतकरी आपल्याच शेतातल्या मालाचा चोरटा व्यापारी ठरे; ज्या वर्षी बाहेर मंदी असे त्या वर्षी उलट दिशेने, परराज्यातला कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर उतरे आणि त्याचा तोटा महासंघाच्या खात्यावर पडे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने झोनबंदीविरुद्ध उठवलेला आवाज या सीमेवरच्या गावांना सभेतून समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण नदीच्या दोन तीरांवरचे दोन भाव त्यांना रोज ठाऊक असत.

सेवेच्या दृष्टीने एकाधिकाराचे अपयश आणखी खोल होते. हंगामात संकलन केंद्रांसमोर बंड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागत, तोल होईपर्यंत शेतकऱ्याला कापसावरच रात्र काढावी लागे, ग्रेडरने एक प्रत खाली लावली तर दाद मागण्यास दुसरे गिऱ्हाईक नसे, आणि चुकारा हप्त्याहप्त्याने येत असल्याने लग्न, बियाणे, औषधपाणी यांसाठी मधल्या काळात पुन्हा सावकाराकडेच जावे लागे. त्यातूनच खेडा खरेदीचा चोरटा धंदा वाढला: व्यापारी गावात येऊन रोख देऊन कापूस उचले आणि पुढे तोच शेतकऱ्याच्या नावावर केंद्रात घाली. रोख चुकारा ही एवढी मोलाची सेवा होती की तिच्यासाठी शेतकरी हमीभावावर पाणी सोडायला तयार होता. ही एक गोष्ट एकाधिकाराच्या सर्व हिशेबांपेक्षा अधिक सांगून जाते. नव्वदच्या दशकाअखेर योजनेचा तोटा हजारो कोटींच्या घरात गेला आणि २००२-०३ च्या हंगामापासून खासगी खरेदी पुन्हा खुली झाली.

बाजार खुला झाला त्याच सुमारास, २००२ मध्ये, बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी मिळाली आणि शेतकऱ्याच्या खर्चाचा ताळेबंद बदलला. बियाणे, खत, फवारणी आणि कापूस विकून फेडायची उधारी हे सारे कृषी केंद्राच्या एकाच दुकानात मिळू लागले, आणि सल्लाही तिथेच मिळू लागला. सरकारी कृषी विस्तार, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत तांत्रिक सल्ला पोहोचवणारी सार्वजनिक सेवा, त्या मानाने दुबळी राहिली. विकणाऱ्यानेच सल्ला द्यावा या व्यवस्थेची किंमत २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने मोजली: फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्याआधी २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. त्यातून व्याज माफ झाले, कर्जाची फेररचना झाली, पण बांधावर येऊन विश्वासाने सांगणारा माणूस नेमण्याचे काम मागेच राहिले. सेवाक्षेत्र म्हटले की शहरातल्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. ज्या सेवेच्या अभावी माणसे मेली ती मात्र एका कृषी सहायकाची होती.

देशांतर्गत झोनबंदी संपली, तरी देशाच्या सीमेवरचा दरवाजा कधी उघडतो आणि कधी मिटतो याचा हिशेब शेतकऱ्याला लागेनासा झाला. २०१० च्या एप्रिलमध्ये कापूस निर्यातीची नोंदणी थांबवण्यात आली. त्यानंतरच्या हंगामात, मार्च २०११ मध्ये, जागतिक भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेले. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी जाहीर झाली आणि ओरड झाल्यावर आठवड्याभरात ती मागे घेतली गेली. भाव चढला की निर्यात रोखायची आणि भाव पडला की बाजाराचे नियम सांगायचे, असा हा खुलेपणा एकाच बाजूने चालतो. २०२१ मध्ये आयातीवर सुमारे अकरा टक्के शुल्क लागले, २०२२ मध्ये ते काही महिने उठवले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, पुन्हा उठवले गेले. जगाचा बाजारही निर्मळ नाही. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत नेलेला दावा जिंकला, पण तोवर त्या अनुदानांनी आफ्रिकेतील आणि विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याचा भाव वर्षानुवर्षे दाबला होता. खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्यांनी या विषमतेचा उच्चार टाळला, तर केळापूर तालुक्यातील शेतकऱ्याने त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

रस्त्याची गोष्ट तुलनेने सरळ आहे. नगरपालिकांची जकात १९९९ च्या अखेरीस गेली. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सात चौपदरी होऊन श्रीनगर–कन्याकुमारी या चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गाचा भाग बनला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्याने राज्याच्या सीमेवरची करतपासणी संपली. २०२१ पासून केळापूरच्या टोल नाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. पिंपळखुटीचा सीमा तपासणी नाका वाहनांचे वजन व परवाने पाहण्यासाठी राहिला. महामार्गालगत वजनकाटे, टायर आणि पंक्चरची दुकाने, ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या, भोजनालये उभी राहिली, आणि १९९७ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर जंगलात वाघ दिसू लागल्यावर सुन्ना प्रवेशद्वाराच्या बाजूने जिप्सीचालक, गाइड आणि निवासगृहे यांचा नवा व्यवसाय रुजला. जंगलाकाठच्या तरुणांना, ज्यांत आदिवासी तरुण पुष्कळ आहेत, शेतीबाहेरचे नगदी काम गावातच मिळण्याची ही पहिली मोठी संधी आहे. अर्थात त्याच वाघांच्या भीतीने संध्याकाळी शेतात जाणे टाळावे लागणाऱ्या कुटुंबांना या मिळकतीतला वाटा कसा मिळेल, याची ठोस व्यवस्था झाल्याशिवाय हा व्यवसाय न्याय्य म्हणता येणार नाही. महिला बचत गटांनी उभारलेली छोट्या कर्जाची व्यवस्थाही याच काळातली. किराणा, शिलाई, शेळीपालन यांसाठी तारणाशिवाय हजारो रुपये उचलता येणे आणि त्याचा हिशेब गटातल्या बायकांनीच ठेवणे, हे सावकाराच्या वहीला दिलेले सर्वांत शांत उत्तर आहे.

कापसाच्या बाजारात आज शेतकऱ्यापुढे तीन दारे आहेत: बाजार समितीतील जाहीर हर्रास, जिनिंगवाल्याची वा व्यापाऱ्याची थेट खरेदी, आणि भाव पडला तर भारतीय कापूस महामंडळाचे, म्हणजे सीसीआयचे, केंद्र. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. केंद्रावर वाहन आले की ओलावा मोजणाऱ्या यंत्राची सुई कापसात खुपसली जाते. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत टक्क्यागणिक कपात, आणि त्यावर गेला तर गाडी परत. धाग्याची लांबी मात्र अजूनही बहुधा ग्रेडरच्या बोटांवर ठरते: चिमूटभर रुई घेऊन ती दोन हातांत ओढायची, तंतू समांतर करायचे आणि डोळ्यांनी अंदाज बांधायचा. हे कौशल्य खरे आहे आणि त्यात मुरलेली माणसे आहेत. पण सूतगिरणी गाठ घेते तेव्हा तंतूची लांबी, ताकद आणि तलमता यंत्राने मोजून त्याप्रमाणे पैसे देते, आणि त्या मोजमापातून मिळणारा वरचा भाव गाठीच्या मालकाला मिळतो, वेचणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला मिळत नाही. तेच तपासणीयंत्र बाजार समितीच्या आवारात, लिलावाच्या आधी, शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी देऊ लागले, आणि तीच चिठ्ठी दाखवून गोदामातल्या कापसावर बँकेची उचल मिळू लागली, तर पांढरकवड्याचा शेतकरी आपला माल हिंगणघाटला, आदिलाबादला की आपल्याच गावात विकायचा हे घाईच्या दिवशी नव्हे तर भावाच्या दिवशी ठरवू शकेल.